परत माल : सोलापूर

"डेपोवाल्यांना प्रश्न विचारायची सोय कशाला हवीय?" खर्डेकर साहेब म्हणाले. "प्रश्न आपण विचारायचे, उत्तरं त्यांनी द्यायची. जो तो डेटाबेसमध्ये डोकं घालून बसला तर माल कोण विकणार?"

अकाउंट्सचे दोघे हसले. पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर कंपनीचा माणूसही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढं त्याला शिकवलेलं असावं.

"आवटी मॅडम, तुमचं मत?" अनघाताईंनी मला विचारलं.

"साहेबांचा मुद्दा बरोबर आहे," मी म्हणाले.

ताईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये बसून मी नेमकं उलट बोलले होते.

गोष्ट दोन हजार पाच सालची. आमची कंपनी मसाल्याची. कारखाना आणि मुख्य कार्यालय सांगलीजवळ कुपवाडला आणि माल पोचवायला कोल्हापूर, सातारा, लातूर, बेळगाव, सोलापूर असे डेपो. संस्थापक आप्पासाहेब अंथरुणाला खिळल्यावर त्यांची मुलगी अनघाताई कारभार बघायला लागल्या होत्या. विश्राम खर्डेकर विक्रीचे जनरल मॅनेजर. मी संगणक विभागाची प्रमुख.

त्या दिवशी निवड करायची होती ती दोन साधनांतून. कंपनीतली प्रत्येक विक्री, प्रत्येक खोकं डेटाबेसमध्ये नोंदलं जात होतं. पण त्यातून बाहेर काय यावं, हे कुणा जुन्या एजन्सीने लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर अवलंबून होतं. आता एक तर रिपोर्ट काढणारं साधन घ्यायचं होतं. त्यात नमुना एकदा ठरवला की रोज सकाळी त्याच रकान्यांत नवे आकडे भरून कागद छापून येतो. दुसरा पर्याय क्वेरीचा. पडद्यावर डेपो निवडा, महिना निवडा, माल निवडा आणि आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारा, प्रोग्रॅमरच्या पाया न पडता. रिपोर्टमध्ये काय दिसावं हे नमुना ठरवणारा ठरवतो. क्वेरीत ते विचारणारा ठरवतो.

खर्डेकरांना फक्त रिपोर्ट हवा होता. ताईंना क्वेरी हवी होती, ती सगळ्यांसाठी. आणि मला खर्डेकर संपलेले हवे होते. त्या टेबलाभोवती हे फक्त मला माहीत होतं.

"मग असं करू," मी म्हणाले. "क्वेरी फक्त मुख्य कार्यालयात. ताई, अकाउंट्स आणि साहेब. डेपोंना रोजचा छापील रिपोर्ट, सध्याच्याच नमुन्यात. डेपोला अधिक काही माहिती हवी असेल तर त्यांनी लेखी मागावी."

"लेखीसुद्धा नको," खर्डेकर म्हणाले. "एकाला दिलं की सगळे मागतात."

"मग मिनिट्समध्ये तसंच लिहिते. साहेबांच्या सूचनेवरून."

"लिहा की. मी काय घाबरतोय?"

ताईंनी ते चालवून घेतलं. त्यांना स्वतःला हवं ते मिळालं होतं, बाकीचं नंतर बघू, असा त्यांनी विचार केला असेल. बाहेर पडताना खर्डेकर माझ्याजवळ थांबले.

"शहाण्या झालात, आवटी."

"तुमच्याबरोबर काम करून, साहेब."

ते मनापासून हसले. त्यांना चांगलं बोललेलं लगेच खरं वाटायचं.

आता रजाकभाईंबद्दल सांगायला हवं.

रजाक मुजावर सोलापूर डेपोचे मॅनेजर. मी कंपनीत नवीन असताना तिथला पहिला संगणक बसवायला गेले आणि काम लांबत गेलं म्हणून पावसाळाभर राहिले. लॉजवर राहणारी एकटी मुलगी म्हणून रोज रात्री त्यांच्या घरून डबा यायचा. चार दिवसांनी भाभींनी डबा बंद केला आणि निरोप पाठवला की जेवायला घरीच यायचं, ॲल्युमिनियमच्या डब्यात कालवण मरतं. मी संगणक शिकवला आणि भाईंनी मला धंदा शिकवला. महिनाअखेरीची भरणी काय असते, ते मला त्यांच्याकडून कळलं.

भरणी म्हणजे अशी. महिन्याचं टार्गेट पुरं होत नसेल तर शेवटच्या आठवड्यात दुकानदाराच्या गळ्यात माल मारायचा. विक्री दिसते, टार्गेट भरतं. पुढच्या महिन्यात न खपलेला माल दुकानदार परत करतो. आमच्याकडे हा सगळा परत माल, कोल्हापूरचा असो की लातूरचा, सोलापूरला जायचा, कारण तिथे बंद पडलेल्या सूतगिरणीचं मोठं गोदाम आम्हाला स्वस्तात मिळालेलं होतं. जिथे माल उतरला, तिथल्या नावावर परत माल पडायचा. म्हणजे विकल्याचं कौतुक कोल्हापूरला आणि परत आल्याचा डाग सोलापूरला.

भाईंना कुठलं खोकं कुणाचं ते तोंडपाठ असायचं. पण रिपोर्टमध्ये त्याचा रकाना नव्हता.

मी हे खर्डेकरांना एकदा सांगितलं होतं. तोंडी, त्यांच्या केबिनमध्ये. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रिपोर्टात आहे ते आहे, आवटी. रिपोर्टाबाहेरचं मला कशाला सांगता?" म्हणजे त्यांना माहीत होतं. आधीपासूनच माहीत होतं. भरणीचा हुकूम तेच देत होते आणि त्या विक्रीवर त्यांची खुर्ची वर चढत होती.

मग वार्षिक सभा झाली. हॉटेलचा हॉल, सगळ्या डेपोंचे मॅनेजर, विक्रीची पोरं, पुढच्या रांगेत तेव्हा हिंडतेफिरते असलेले आप्पासाहेब. खर्डेकरांनी पडद्यावर परत मालाचा रिपोर्ट लावला. सोलापूरची पट्टी इतरांच्या कितीतरी वर गेलेली. ते माइकवर म्हणाले, "मुजावर, उभे राहा. तुमचा आकडा तुम्हीच वाचून दाखवा."

भाई उभे राहिले. "साहेब, हा माल माझा नाही," ते म्हणाले.

"आकडा विचारलाय."

भाईंनी वाचला.

"जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही."

भाईंनी पुन्हा वाचला. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि हॉल हसला. मी तिसऱ्या रांगेत होते. भाई खाली बसले ते माझ्याकडे न बघता. महिनाभरात त्यांना घरी पाठवलं गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाचा नारळसुद्धा नाही.

त्यानंतर खर्डेकरांनी सांगितलेल्या प्रत्येक कामाला मी "हो साहेब" म्हणत आले. मला घाई नव्हती. मी स्वतः आकडे काढून कुणाला दाखवले असते तर ते म्हणाले असते, बाईंनी बनवले. ताईंनी स्वतःच्या बोटाने विचारलेल्या प्रश्नाला तसं म्हणता येणार नव्हतं. म्हणून मला ती क्वेरी हवी होती आणि ताईंच्याच टेबलावर हवी होती.

यंत्रणा बसली. ताई लवकर शिकल्या. सरावासाठी उदाहरण हवं म्हणून मी त्यांना सोलापूरचा परत माल घ्यायला सांगितला. मी एवढंच केलं.

मासिक आढाव्याच्या बैठकीत ताईंनी त्यांचा पडदा भिंतीवर लावला होता. खर्डेकर नेहमीसारखे उभे राहून बोलत होते.

"परत मालाचं म्हणाल तर सोलापूरचं जुनं दुखणं आहे, ताई. माणसं बदलली तरी जात नाही. आत्ताचा मॅनेजरही राजीनामा देऊन गेला. तिथलं पाणीच तसं."

"थांबा हं," ताई म्हणाल्या. "हा माल सोलापूरला आला, ते दिसतंय. पण मुळात विकला कुणी होता?"

त्यांनी दोन ठिकाणी क्लिक केलं. भिंतीवर कोल्हापूर आलं, सातारा आलं, बेळगाव आलं. सोलापूर सगळ्यात खाली होतं.

"आणि विकला कधी?"

महिन्याचे शेवटचे दिवस.

"परत कधी आला?"

पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा. त्याच्या मागच्या महिन्याचंही तेच. त्याच्या मागच्याचंही.

कोल्हापूर डेपोचे कापसे पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कापसे, हा माल तुमच्याकडचा?"

"ताई, आम्हाला..." कापसे म्हणाले आणि थांबले. मग एकदम म्हणाले, "साहेबच सांगतात ना. अखेरीला भरून टाका, मग सोलापूरला लावून द्या. आम्ही आमच्या मनाने करतो होय?"

"बाजारात सगळेच भरतात, ताई," खर्डेकर म्हणाले. आवाज अजून शांत होता. "तुम्ही नवीन आहात. आप्पासाहेबांना विचारा."

"विचारीन. आणि मुजावरांना कशासाठी काढलं होतं तुम्ही?"

खर्डेकर गोंधळले. खरोखरच गोंधळले.

"कोण मुजावर?"

तोपर्यंत माझ्या मनात थोडी धाकधूक होती, की आपण करतोय ते जास्त तर होत नाही ना. ती त्या प्रश्नाने गेली.

संध्याकाळी ताईंनी मला बोलावलं. टेबलावरचा चहा गार झाला होता.

"मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगणार आहे. मुजावरांना फोन केला होता मी. या परत म्हटलं. ते म्हणाले, राहू द्या ताई, आता माझं मिरची-कांडप बरं चाललंय."

"खर्डेकरांना काढू नका," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणताय हे? मला वाटलं होतं सगळ्यांत जास्त आनंद तुम्हाला होईल."

"निम्मं आयुष्य घालवलंय त्यांनी इथे. मुलीचं लग्न ठरलंय. काढलं तर सोयरे काय म्हणतील? सोलापूरची जागा रिकामी आहे. डेपो मॅनेजर म्हणून पाठवा. पगार कमी करा, पण नोकरी राहू दे."

ताईंनी गार चहाचा कप बाजूला सारला. "मोठं मन आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "बरं, आणि एक. डेपोच्या रोजच्या कागदावर तो परत मालाचा रकाना दुरुस्त करून घ्या. कुणाचा माल ते डेपोला दिसू दे."

"करून घेते," मी म्हणाले.

मी केलं नाही. ताई आता कागद बघत नव्हत्या. त्यांच्यासमोर पडदा होता.

ऑफिसभर माझ्या मोठ्या मनाची चर्चा झाली. खर्डेकर स्वतः येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हात जोडले. "मॅडम, उपकार झाले," म्हणाले. त्यांनी मला मॅडम म्हटल्याची ती पहिली वेळ. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, असं काय करता."

ते सोलापूरला गेले.

ताईंना एक सवय लागली होती. रोज सकाळी क्वेरी उघडायची, चार प्रश्न विचारायचे आणि मग डेपोला फोन लावायचा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. डेपोच्या माणसाला आपला माल माहीत असावा, एवढंच. पुष्कळदा मी समोर असायचे आणि फोन स्पीकरवर असायचा.

"खर्डेकर, काल बेळगावचा माल उतरला ना तुमच्याकडे? त्यात कांदा-लसूण मसाला किती?"

"बघून सांगतो, ताई."

"माझ्यासमोर आहे. तुम्हाला माहीत आहे का ते विचारतेय."

त्यांच्यासमोर फक्त छापील कागद होता. त्यावर एकच ओळ: परत माल, एकूण. कुणाचा, कुठला, कधी विकलेला, काही नाही. उत्तर हवं तर गिरणीच्या त्या पत्र्याच्या गोदामात शिरून खोक्यावरची चिठ्ठी न् चिठ्ठी वाचायची. सोलापूरच्या मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी ताईंचा प्रश्न वेगळा असायचा.

"बघून सांगतो" हे शब्द मी रोज ऐकत होते. आधी ते ठणठणीत यायचे. मग हळूहळू त्यांच्याआधी खोकला यायला लागला.

आषाढात एका दुपारी ते सांगलीला आले. न कळवता. अंगावरचा शर्ट ढगळ झाला होता.

"छोटं काम होतं, मॅडम."

"बसा ना साहेब. पाणी?"

"नको. तो परत मालाचा आकडा फोडून मिळेल का? डेपोवार? म्हणजे ताईंनी विचारलं तर..." ते थांबले. "किंवा मग ते क्वेरीचंच द्या. एक पासवर्ड फक्त. कुणाला सांगणार नाही मी."

"डेपोंना देत नाही आपण."

"माहीत आहे मला. पण एकट्या सोलापूरला..."

"एकाला दिलं की सगळे मागतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"लेखी देऊ का?" त्यांनी विचारलं.

"लेखीही नाही. मिनिट्समध्ये तसं आहे."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे एकदम कामात शिरले.

"मला काढू नका म्हणून तुम्हीच ताईंना सांगितलंत," ते सावकाश म्हणाले. "तेव्हाच तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतो तशी. "तो मुजावर तुमचा कोण लागतो?"

"नाव आठवलं म्हणायचं."

"रोज ऐकतो. हमाल अजून त्याचंच नाव घेतात. खोकं उतरवलं की म्हणतात, भाई असते तर लांबूनच सांगितलं असतं कुणाचं ते." ते उठले. "माझ्या डोक्यात नाही राहत तेवढं. कोण लागतो ते सांगा तरी."

"त्यांच्या घरी जेवलेय मी," मी म्हणाले.

एवढ्यासाठी? असं ते विचारतील असं मला वाटलं होतं आणि उत्तरही मी तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. दारापाशी जाऊन वळले. "मोठ्याने वाच म्हटलं होतं मी त्याला," म्हणाले. "तेवढं नको होतं म्हणायला." आणि गेले. गणपती उठायच्या आत त्यांचा राजीनामा आला. ताईंना वाईट वाटलं. आपण त्यांना संधी दिली होती, असं त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर सोलापूर डेपोतला संगणक बदलायचं निघालं. दुसरं कुणी जाऊ शकलं असतं. मी गेले. नवीन मॅनेजर दुकानांच्या फेरीवर होती, भेट झाली नाही. काम आटोपून दुपारी बेगम पेठेत रजाकभाईंकडे पोचले. घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र होतं. मला बघून त्यांनी ते बंद केलं. भाभींनी आतून हाक दिली, जेवल्याशिवाय जायचं नाही. शिंका येत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. किती दिवसांनी हे सांगायला मिळणार होतं.

मी सगळं सांगितलं. मीटिंग, भिंतीवरचा पडदा, कापसे, माझं मोठं मन, सकाळचे फोन, ढगळ शर्ट. काही सोडलं नाही. भाई ऐकत राहिले. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी नंतर यायला सांगितलं.

"कळलं होतं मला," मी थांबल्यावर ते म्हणाले. "हमालांनी सांगितलं. चक्कर येऊन पडला होता म्हणे गोदामात."

"ते मला माहीत नव्हतं."

"पाणीबिणी मारून उठवला पोरांनी. आमचीच पोरं." त्यांनी हाताची लाल पूड झटकली. "मीनल, मला एक सांग. तो कागद सुधारला का?"

"कुठला?"

"रोजचा. परत मालाचा. मी वाचून दाखवला तो."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "खर्डेकर इथे असेपर्यंत तो मला तसाच हवा होता."

"हां. आणि आता?"

"राहून गेलं, भाई."

त्यांचा चेहरा बदलला नाही. सभेतही तो बदलला नव्हता.

"नवीन मॅनेजर आलीय ना तुमची, कोळेकर. मंगळवेढ्याची. लहान आहे, पंचविशीची असेल. इथे आली होती. कागद घेऊन. कुणीतरी सांगितलं तिला, भाईंना विचार म्हणून. इथेच बसून रडली, तू बसलीस तिथे. म्हणाली, ताई फोनवर विचारतात, मला सांगता येत नाही, मला काढतील." ते उठून चपला शोधू लागले. "म्हटलं, तू काळजी करू नको. रोज संध्याकाळी जातो मी गोदामात. माल उतरला की कुणाचा काय ते तिला सांगतो. ती लिहून घेते. सकाळी फोन आला की वाचून दाखवते. मोठ्याने."

"तुम्ही जाता? रोज?"

"जातो की. काय बिघडलं?"

"कंपनी काही देते का?"

"कंपनीला कुठे माहीत आहे?" त्यांनी आत बघून आवाज दिला, "आलोच गं," आणि मग माझ्याकडे वळले. "ट्रक यायची वेळ झाली. तीही असेल तिथे. चल, तूही चल. ओळख करून देतो."

माझी गाडी रात्रीची होती.

"उशीर होईल, भाई," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि पायरी उतरून चालायला लागले.